सीए-125 वाढलंय, म्हणजे कॅन्सर?

प्रश्न : माझं वय 44. आईला गेल्या वर्षी अंडाशयाचा कॅन्सर निघाला, उपचार चालू आहेत. तेव्हापासून मी धास्ती घेतलीय. सवलत होती म्हणून लॅबमधून ‘कॅन्सर पॅकेज’ करून घेतलं. त्यात रक्तातलं सीए-125 नावाचं प्रथिन आलं 48, नॉर्मल 35 पर्यंत असं छापलंय. डोळ्याला डोळा लागत नाही. ही तपासणी दरवर्षी केली तर कॅन्सर वेळेत कळेल ना?
— एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, आधी सांगा, रक्त पाळीच्या दिवसांत दिलं होतं का? नुसत्या पाळीनेही सीए-125 एवढं वाढू शकतं. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या साध्या गाठी, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), यकृताचे आजार यांनीही वाढतं. पोटाच्या टीबीत तर ते काही शेकड्यांत गेलेलं मी पाहिलंय. उलट अंडाशयाचा कॅन्सर पहिल्या टप्प्यात असतो, तेव्हा जवळपास निम्म्या बायकांचा आकडा नॉर्मलच येतो. पॅकेज विकणारे हे सांगत नाहीत, याचा मला फार राग येतो.

ब्रिटनमध्ये 2001 पासून 2 लाखांवर बायकांचा अभ्यास झाला. काहींचं सीए-125 दरवर्षी तपासलं, काहींची सोनोग्राफी केली, उरलेल्यांचं काहीच नाही. 2021 साली निकाल आला : तपासणी करूनही मृत्यू कमी झाले नाहीत. तेव्हा दरवर्षीचा हा खर्च नको. आईचे डॉक्टर हाच आकडा बघतात ते बरोबर आहे. तिथे आजार माहीत आहे, औषध लागू पडतंय का ते त्यावरून समजतं.

पण हा रिपोर्ट कपाटात ठेवून देऊ नका. पाळी झाली की स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, योनीमार्गातून सोनोग्राफी करून घ्या, रक्तही पुन्हा तपासा. त्याच भेटीत एचपीव्ही तपासणी करा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर ज्याने होतो त्या विषाणूची. ती रक्ताची नाही, गर्भाशयाच्या मुखाशी ब्रश फिरवून घेतात, दोन मिनिटांचं काम. तुमच्या शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांमधून टाटा आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी ती हजारो बायकांची केली. एकदाच केलेल्या त्या तपासणीने पुढच्या आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले. 2009 साली हे जगासमोर आलं.

एक रक्ततपासणी मात्र तुमच्या घरात व्हायलाच हवी : बीआरसीए जनुकांची. यांच्यातल्या दोषाने अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो आणि तो दोष मुलांत उतरू शकतो. ती आधी आईची करायची, तुमची नाही. आईत दोष निघाला तरच तुमची, आणि भावंडं असतील तर त्यांचीही, भावांसकट. प्रत्येकात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. पुढच्या केमोला जाल तेव्हा आईच्या डॉक्टरांकडे हा विषय तुम्हीच काढा.