कात्री आधी की जागा आधी?

एटॅक-सेकचा (पेशीतला कुठला डीएनए मोकळा आहे हे टीएन५ नावाच्या ट्रान्सपोझेजनं कापून बघायची पद्धत) डेटा बघताना तुम्हाला पडलेला प्रश्न असा: ट्रान्सपोझेज, म्हणजे डीएनएचा तुकडा एका जागेवरून कापून दुसरीकडे बसवणारं एन्झाइम, पेशीत सतत कामावरच असतं का, आणि डीएनएचा तुकडा नेऊन ठेवायची जागा ते निवडतं की वाटेल तिथे घुसतं? या चर्चेत माझ्या आधी दोघांनी जागेची निवड 'रँडम' म्हणून विषय मिटवलाय. तेवढ्यावर भागत नाही.

आधी सक्रिय होण्याबद्दल. सुटं ट्रान्सपोझेज काही कापत नाही. टीएन५ मध्ये त्याचा एक रेणू ट्रान्सपोझॉनच्या (जागा बदलत उड्या मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्या) एका टोकाला बसतो, दुसरा दुसऱ्या टोकाला, मग दोघं जवळ येऊन जोडी जमते. खरी गंमत पुढे आहे. या टोकाला बसलेला रेणू त्या टोकाला काप घेतो आणि तो या टोकाला. त्यामुळे जोडी जमल्याशिवाय काप नाही, आणि एकच टोक तुटून लोंबकळत राहण्याचा धोका टळतो. म्यू या जीवाणुभक्षी विषाणूत हेच काम मूए प्रथिनाचे चार रेणू एकत्र येऊन करतात. शिवाय मॅग्नेशियम लागतं. मी पहिल्यांदा टॅगमेंटेशन (ट्रान्सपोझेजनं डीएनए कापून टोकांना ओळखीचे तुकडे जोडणं) केलं तेव्हा माझ्या डीएनएच्या बफरमध्ये ईडीटीए भरपूर होतं. त्यानं मॅग्नेशियम गिळलं आणि जेलवर डीएनए जसाच्या तसा, अखंड. आठवडाभर मी एन्झाइमलाच दोष देत होतो.

त्यातही टीएन५चं मूळ एन्झाइम मुद्दामच मंद असतं. त्याची दोन टोकं एकमेकांच्या आड येतात, आणि त्याच जनुकापासून पहिली ५५ अमिनो आम्लं नसलेलं एक आखूड प्रथिनही बनतं, जे काम अडवतं. जास्त उड्या म्हणजे यजमान पेशीचं मरण, आणि ती मेली की ट्रान्सपोझॉनही गेला. टॅगमेंटेशनच्या तयार किटमध्ये मिळतं ते म्युटेशन करून मोकाट सोडलेलं टीएन५ असतं.

आता जागेबद्दल. इथे माझा लाडका टीएन७, हाही जीवाणूंमधला एक ट्रान्सपोझॉन. त्याची कात्री दोन प्रथिनांची आहे: टीएनएसए आणि टीएनएसबी. पण ती चालवायची की नाही हे ठरतं टीएनएससीवर, जे एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) धरून डीएनएवर बसतं. टीएनएससीला जागा दाखवायला दोन वाटाडे. टीएनएसडी जीवाणूच्या ग्लमएस जनुकाचं शेपूट ओळखतं आणि तुकडा जनुकाच्या पलीकडे, साधारण २५ बेसजोड्यांवर, दरवेळी एकाच दिशेनं बसतो. जनुक शाबूत, यजमान खूश. टीएनएसई मात्र प्रतिकृती चालू असलेला डीएनए हेरतं, विशेषतः एका जीवाणूतून दुसऱ्यात जाणारी प्लास्मिडं (डीएनएची छोटी सुटी वर्तुळं). एक वाटाडा घरी राहण्यासाठी, दुसरा गाव सोडण्यासाठी! आणि योग्य जागा मिळेपर्यंत टीएन७ जुन्या जागेवरून सुटतच नाही. म्हणून या दोन प्रश्नांची वेगवेगळी उत्तरं शोधू नका. टीएनएससीमध्ये ठरावीक म्युटेशन केलं की वाटाड्यांशिवायही उड्या सुरू होतात, आणि मग त्या कुठेही पडतात.

२०१९ साली दोन गटांनी दाखवलं की टीएन७च्या काही भाऊबंदांनी क्रिस्परलाच (जीवाणूंची विषाणूविरोधी यंत्रणा) वाटाड्या केलंय. गाइड आरएनए, म्हणजे लक्ष्याच्या अनुक्रमाशी जुळणारा आरएनएचा तुकडा, जागा सांगतो आणि तुकडा तिथून ठरावीक अंतरावर बसतो. कॉलऱ्याच्या जीवाणूतल्या प्रणालीत हे अंतर सुमारे ४९ बेसजोड्यांचं आहे.

स्वतःच्याच अंगावर उडी पडू नये याचीही सोय असते. म्यूमध्ये मूबी हे प्रथिन एटीपीच्या जोरावर डीएनएवर बसतं आणि ती जागा लक्ष्य ठरते. पण जवळच मूए असेल तर ते मूबीला तिथून हुसकावतं.

परत तुमच्या डेटाकडे. टीएन५ला असा वाटाडा नाही. न्यूक्लिओसोमनं (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांच्या रिळांनी) अडवलेला नसेल तो डीएनए त्याला चालतो, पण अनुक्रमाची थोडी आवडनिवड असतेच. दोन्ही धाग्यांवरचे काप ९ बेसच्या अंतराने पडतात, म्हणून रीड्स (तुकड्यांचे वाचलेले अनुक्रम) +४ आणि -५ ने सरकवतात. आणखी एक: काप घेतल्यावर टीएन५ डीएनएला चिकटून बसतं, पुढच्या कापाला जात नाही. म्हणून एन्झाइम आणि डीएनएचं प्रमाण जपावं लागतं, आणि शेवटी ते एसडीएस (साबणासारखं रसायन) वगैरेनं सोडवावं लागतं. तुम्ही डेटात दाखवलेला तो अरुंद खड्डा, म्हणजे जिथे काप एकदम कमी आहेत ती जागा, तिथे बसलेल्या प्रथिनाचा ठसा आहे की टीएन५ची आवड, हे ठरवायचं असेल तर प्रथिनं काढलेल्या उघड्या डीएनएवर तेच टॅगमेंटेशन करून बघा. खड्डा तिथेही दिसला तर तो टीएन५चा.