फवारणी पंपाच्या १२ व्होल्ट बॅटरीऐवजी घरी लिथियम पॅक बनवायचा आहे, कोणते सेल घेऊ आणि जोडू कसे?

सोलापूरचा उन्हाळा बघता मी डोळे झाकून लिथियम फेरो फॉस्फेटच सांगेन. आपल्याकडे पारा ४३ च्या पुढे जातो आणि पंप डाळिंबाच्या बागेत उन्हातच असतो. लॅपटॉपमधल्या जातीच्या सेलपेक्षा हे गरमी जास्त सोसतात. ३.२ व्होल्टचे चार सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकाचा पॉझिटिव्ह दुसऱ्याच्या निगेटिव्हला असे लावले की १२.८ व्होल्ट मिळतात. ३२६५० आकाराचा (३२ मिमी जाड, ६५ मिमी लांब) ६ अँपिअर-अवरचा सेल पंपाला पुरतो. जोडण्याआधी चारही सेलचा व्होल्टेज मीटरवर सारखा करून घ्या.

सोल्डरिंग गन थेट सेलवर लावू नका, कळकळीने सांगतो. उष्णता आत जाते आणि सेल कायमचा बिघडतो. स्पॉट वेल्डिंगच करा, म्हणजे क्षणभर करंट देऊन ठिपक्याठिपक्याने पट्टी चिकटवा, आणि सेल जोडणारी ती पट्टी शुद्ध निकेलची घ्या. चुंबकाने कळत नाही, शुद्ध निकेल आणि निकेल चढवलेलं लोखंड दोन्ही चिकटतात. पट्टीचा तुकडा कानशीने घासून मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवा. तांबूस गंज आला तर ते निकेल चढवलेलं लोखंड.

आधी जुन्या सेलवर वेल्ड मारून पट्टी पक्कडीने ओढा. ती फाटून ठिपका सेलवरच राहिला तर वेल्ड पक्का. अलगद सुटली तर करंट वाढवा.

सेलचं सगळं अंग निगेटिव्ह असतं, त्यामुळे पॉझिटिव्हच्या टोकाला कागदी वॉशर हवाच. बीएमएस, म्हणजे सेल जास्त चार्ज किंवा पूर्ण रिकामे होऊ न देणारा सर्किट बोर्ड, फेरो फॉस्फेटचाच, चार सेलचा. आणि चार्जर १४.६ व्होल्टचा घ्या, जुना लेड-ॲसिडचा नको. उन्हातून आणलेला पंप लगेच चार्जिंगला लावू नका, सावलीत निवू द्या.