माउंट होतंय, पण लिहिता येत नाही: आधी आकडे बघा

तुमची अडचण मला समजली ती अशी: सर्व्हर जुनाच, क्लायंट नवा. एनएफएस शेअर (नेटवर्कवरून वापरायचं सर्व्हरचं फोल्डर) विनातक्रार माउंट होतो, म्हणजे क्लायंटला जोडला जातो, फाइली वाचता येतात, पण लिहायला गेलं की 'परमिशन डिनाइड'. तुमच्याच फाइलींसमोर मालक म्हणून दुसऱ्याचं नाव दिसतं आणि सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने करूनही, काही होत नाही. शिवाय मधूनच 'डीएफ' (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) लटकतं.

दुसऱ्याचं नाव दिसतं, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. खरं दुखणं तिथेच आहे. एनएफएसच्या नेहमीच्या 'सिस' सुरक्षा पद्धतीत क्लायंट सर्व्हरला 'मी अमुक' असं नाव सांगत नाही, यूआयडीचा, म्हणजे वापरकर्त्याच्या ओळखीचा, आकडा पाठवतो. सर्व्हर तो आकडा मुकाट्याने खरा मानतो. क्लायंटवर 'एलएस -एलएन' चालवा, म्हणजे नावांऐवजी आकडे दिसतील. मग दोन्ही मशीनवर 'आयडी' चालवून ताडून बघा. माझा अंदाज असा: सर्व्हरवर तुम्ही १००० आहात, नव्या मशीनवर १००१, आणि तिथला १००० म्हणजे तुमच्या आधी खातं उघडलेला कुणीतरी. फाइलीवर १००० लिहिलेलं, म्हणून तुमचं मशीन त्याचं नाव दाखवतं.

सुडोचंही नवल नाही. सर्व्हरवर 'रूट-स्क्वॉश' हा पर्याय मुळातच चालू असतो, त्यामुळे क्लायंटचा रूट (सर्वाधिकारी खातं) तिथे पोचेपर्यंत ६५५३४ म्हणजे 'नोबडी', कसलेच खास अधिकार नसलेलं खातं, झालेला असतो. यावर कुणीतरी 'नो-रूट-स्क्वॉश' टाका किंवा परवानग्या ७७७ (सगळ्यांना सगळी मुभा) करा असं सुचवेलच. करू नका. मूळ घोळ तसाच राहतो आणि वर दार सताड उघडं.

उपाय सरळ आहे: क्लायंटवर 'यूजरमॉड -यू'ने तुमचा आकडा १००० करा. तो आधीच कुणाकडे असेल तर त्याला आधी मोकळा आकडा द्या. त्या खात्याने लॉगिन केलेलं असताना हे करू नका, दुसऱ्या अ‍ॅडमिन खात्यातून करा. होम डिरेक्टरीतल्या फाइलींचा मालक आपोआप बदलतो. बाहेरच्या फाइली 'फाइंड -यूआयडी १००१' लावून शोधाव्या लागतील.

एररचे शब्दही नीट वाचा. 'परमिशन डिनाइड'ऐवजी 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' आलं असतं, तर मी आधी सर्व्हरची एक्स्पोर्ट्स फाइल (कोणतं फोल्डर कुणाला द्यायचं त्याची यादी) उघडायला सांगितली असती. तिथे क्लायंटचा पत्ता आणि पर्यायांचा कंस यांत एक मोकळी जागा पडली, की अर्थच फिरतो: तुमच्या क्लायंटला फक्त वाचण्याची मुभा आणि लिहिण्याची मुभा साऱ्या जगाला! दुरुस्तीनंतर 'एक्स्पोर्टएफएस -आरए' चालवा आणि '-व्ही'ने खरंच काय लागू झालंय ते बघा.

आकडे जुळूनही ग्रुपच्या फोल्डरात लिहिता आलं नाही, तर ग्रुप मोजा. 'सिस' पद्धतीत विनंतीबरोबर जास्तीत जास्त १६ ग्रुप जातात. मी एकदा अर्धा दिवस परवानग्या तपासत बसलो होतो आणि हवा तो ग्रुप यादीबाहेर राहिला होता. सर्व्हरच्या माउंटडीला (माउंटच्या विनंत्या हाताळणारा प्रोग्राम) 'मॅनेज-जीआयडीज' हा पर्याय दिला की तो ग्रुपची यादी स्वतःकडून घेतो.

'डीएफ'चं लटकणं वेगळं. माउंट 'हार्ड' प्रकारचं असेल तर ते सर्व्हर परत येईपर्यंत वाट बघतं, तसंच त्याने करायला हवं. 'सॉफ्ट' केलं, म्हणजे काही वेळाने प्रयत्न सोडून द्यायला सांगितलं, तर लटकणं थांबेल, पण लिहिता लिहिता डेटा अर्धवट राहू शकतो, म्हणून लिहायच्या शेअरवर मी ते कधीच लावत नाही. 'डीमेसेज'मध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) 'नॉट रिस्पाँडिंग' दिसतं का बघा, मग फायरवॉल. एनएफएसच्या आवृत्ती ४ ला २०४९ हा एकच पोर्ट पुरतो. ३ ला १११ आणि माउंटडीचा पोर्टही लागतो. फक्त ४ चालवणाऱ्या सर्व्हरवर 'शोमाउंट'ने (सर्व्हरचे शेअर दाखवणारी कमांड) हात वर केले तरी घाबरू नका, ते माउंटडीलाच विचारतं.