सागाचे अडीच कोटी आणि निवृत्तीचे बावीस लाख

कळव्याच्या एका शिक्षिका ताईंचं पत्र आहे. मे महिन्यात ५८व्या वर्षी निवृत्ती, हाती २२ लाख येणार. मुरबाडजवळ सासरची एक एकर वरकस (हलकी, माळाची) जमीन पडून आहे. एक रोपवाटिकावाला ९ लाखांत १००० साग, कुंपण, ठिबक सगळं करून द्यायला तयार आहे. १२ वर्षांनी झाडामागे २५,००० म्हणतो. म्हणजे अडीच कोटी. द्यावेत का?

ताई, देऊ नका.

एकरात १००० झाडं म्हणजे २ बाय २ मीटरवर लागवड. खोडं भरायची तर मधली झाडं विरळणीत काढावीच लागतात, आणि ती वाशाच्या भावानं जातात. उरलेल्यांचा हिशोब वखारीत करतात तसा करू. घेर ३६ इंच धरा, त्याचा पाव ९ इंच, म्हणजे पाऊण फूट. पाऊण गुणिले पाऊण गुणिले १० फूट लांबी: साधारण साडेपाच घनफूट. म्हणजे उभ्या, कोवळ्या झाडाला घनफुटामागे साडेचार हजार मिळतील असं तो सांगतोय! ठाण्यातल्या एखाद्या वखारीत जाऊन चिरलेल्या, पक्क्या सागाचा भाव विचारा, मग ठरवा. कोवळ्या सागात बाहेरचं पांढरं लाकूडच फार. चौकट करणारा सुतार ते तासून टाकतो, कारण कीड आधी तिथे लागते. टिकतो तो आतला तपकिरी गाभा, आणि तो भरायला १२ वर्षं फार थोडी. वनखातं साग ५०-६० वर्षं आणि त्याहूनही जास्त राखतं.

तेच ९ लाख ७ टक्के चक्रवाढीनं १२ वर्षांत २० लाख होतात. पण तुम्हाला तर जूनपासून दरमहा घरखर्च लागणार, आणि साग मधे काही देत नाही. पैसे हाती आल्यावर ३ महिन्यांच्या आत पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं उघडा. ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तिमाहीला मिळतं.

साग मात्र जरूर लावा, जमीन तुमचीच आहे. पहिल्या पावसानंतर बांधावर बोटाएवढ्या जाडीचे ५०-६० स्टंप (मूळ आणि थोडं खोड ठेवून छाटलेली रोपं), नातवंडांच्या नावानं. तलाठ्याकडून ७/१२वर झाडांची नोंद करून घ्या; पुढे तोडायला आणि वाहून न्यायला वनखात्याचा परवाना लागतो, तेव्हा ती उपयोगी पडते. आणि उन्हाळ्याआधी भोवतालचं गवत कापायला कळव्याहून कोण जाणार, हे आत्ताच ठरवा. वणव्यात पहिल्या दोन-तीन वर्षांची रोपं राहत नाहीत.