२०१२ च्या डेस्कटॉपमध्ये दोन नव्या डिस्क बसतील का?

तुमचा प्रश्न असा: २०१२ मध्ये असेंबल करून घेतलेला, एच६१ चिपसेटच्या मदरबोर्डाचा डेस्कटॉप आहे, ५०० जीबीची हार्डडिस्क फोटोंनी भरलीय, त्यात एक एसएसडी (चिपवर साठवणारी, न फिरणारी वेगवान डिस्क) आणि एक ४ टीबीची डिस्क वाढवावी की मशीनच बदलावं?

मशीन बदलू नका, दोन्ही बसतील. फक्त डिस्क विकत घेण्याआधी कॅबिनेटची बाजू उघडून एसएमपीएसकडे (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे) नीट बघा. जुन्या मशीनमध्ये डिस्क वाढवताना घात होतो तो बहुतेक वेळा विजेच्या बाजूने.

आमच्या घरच्या मशीनवर मी हे भोगलंय. एसएमपीएसमधून साटाची, म्हणजे आजच्या डिस्कला वीज देणारी, पिन कमी पडत होती, म्हणून दुकानातून मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या जोडणीवरून) साटा करणारी एक स्वस्त केबल आणली. दोन महिन्यांनी एका संध्याकाळी जळका वास आला. कनेक्टरचं प्लास्टिक तपकिरी पडून वितळायला लागलं होतं. मी लगेच मेन स्विच बंद केला म्हणून डिस्क वाचली. त्या डिस्कवर माझ्या आजीचे सगळे फोटो होते आणि दुसरी प्रत कुठेही नव्हती. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो. अशा केबलमध्ये तारांवर गरम प्लास्टिक ओतून कनेक्टर बनवतात. त्यात तारा जागच्या हलल्या, की १२ व्होल्टची तार अर्थच्या तारेच्या फार जवळ येऊ शकते. केबल घ्यावीच लागली तर जिच्या कनेक्टरमध्ये प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेली दिसते, तशी घ्या. त्याहून चांगलं म्हणजे एसएमपीएसच बदला.

साडेतीन इंची डिस्क फिरायला लागते त्या क्षणी १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते, पुढे बरंच कमी. मशीन चालू करताना दोन डिस्क एकदम फिरतात. इतक्या वर्षांत कपॅसिटर (आतले वीज साठवणारे भाग) थकलेल्या एसएमपीएसला तेवढा झटका पेलत नाही. डिस्क कधी दिसते, कधी नाही, किंवा टक्-टक् करून पुन्हा सुरू होते. लोक डिस्कला दोष देऊन ती परत करतात. चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएस तुम्हाला पुरून उरेल.

पोर्टचं सोपं आहे. एच६१ ला मुळात डिस्क जोडायचे चार साटा पोर्ट, तेही सेकंदाला ३ गिगाबिटचे. एक डीव्हीडी ड्राइव्हकडे गेला असेल, उरलेले तीन जुन्या आणि दोन नव्या डिस्कला पुरतील. पण ३ गिगाबिटमुळे एसएसडीचा वेग सेकंदाला २५०-२८० एमबीच्या आसपास अडकेल, निम्म्यावर. तरी ती घ्याच आणि विंडोज तिच्यावरच टाका. मशीन चटपटीत वाटतं ते एसएसडीला विखुरलेल्या छोट्या फायली चटकन सापडतात म्हणून, आणि ते जुन्या पोर्टवरही होतं. एनव्हीएमईच्या (साटाऐवजी वेगळ्या मार्गाने जोडायच्या, आणखी वेगवान एसएसडीच्या) मागे लागू नका, या बोर्डावर तिच्यावरून बूट करणं ही डोकेदुखी आहे.

विंडोज आहे तसंच एसएसडीवर क्लोन (हुबेहूब नक्कल) करणार असाल, तर बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) साटा मोड आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीचा, आहे का ते पाहा. तो थेट एएचसीआय, म्हणजे नव्या पद्धतीचा, केला की निळा स्क्रीन येतो. विंडोज १० असेल तर आधी एमएसकॉन्फिग या विंडोजच्याच टूलमधून सेफ मोड (कमीत कमी ड्रायव्हरवर चालणारं विंडोज) लावा, मग बायोसमध्ये मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये चालू करा आणि सेफ मोड काढून टाका.

४ टीबीची डिस्क पहिल्यांदा वापरासाठी तयार (इनिशियलाइझ) करताना विभागणीची जीपीटी पद्धतच निवडा. एमबीआर या जुन्या पद्धतीला सुमारे २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. ४ टीबीच्या जागी १,६७७ जीबीच दिसले तर घाबरू नका, इंटेलचा जुना स्टोरेज ड्रायव्हर बदला.

आणि कृपया एवढं करा: जुनी ५०० जीबीची डिस्क रिकामी करून वापरायला घेऊ नका. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये तिची तब्येत बघा. ठीक असेल तर फोटो ४ टीबीवर उतरवून झाल्यावर फोटोंची दुसरी प्रत म्हणून ती तशीच काढून कपाटात ठेवा. एसएसडीवरून विंडोज सुरू झालं, की ४ टीबीची डिस्क इनिशियलाइझ करतानाही जुनीची केबल काढूनच ठेवा, म्हणजे चुकून तिच्यावर क्लिक होणार नाही.