आजीचं आयुष्य लिहायचंय, पण घरात एकमत नाही

पत्र थोडक्यात असं: वाचक डोंबिवलीच्या, घर देवगडजवळ. आजीचं वर्षश्राद्ध जवळ आलंय, त्या दिवशी तिच्यावर छोटी पुस्तिका वाटायची आहे. जन्मवर्ष दाखल्यावर एक, पत्रिकेत दुसरं, आणि आजीची ८५ वर्षांची बहीण तिसरंच काही सांगते. शिवाय गिरणीत असलेल्या आजोबांनी मध्ये तीन वर्षं पैसेच पाठवले नाहीत, असं ही मावशीआजी म्हणते. एक जुना फोटोही फ्रेमच्या काचेला चिकटलाय. काकांचं म्हणणं, "घरातलं चव्हाट्यावर कशाला?"

ताई,

लिहा. पण श्राद्धाचा मुहूर्त गाठायचा हट्ट सोडा. कागद पुढच्या वर्षीही मिळतील, मावशीआजींचं वय मात्र ८५ आहे. आधी त्यांच्याकडे जा.

"आजी कशी होती?" असं विचारलंत तर "लय कष्ट केल्यान" एवढंच हाती लागेल. व्हायनात, म्हणजे जमिनीतल्या उखळात, भात कोण कांडायचं, पाणी कुठल्या विहिरीवरून यायचं, मिरगाआधी घरात काय काय भरून ठेवायचे, हे विचारा. घावनाचा बिडाचा तवा घरात असेल तर तो समोर ठेवा. एका बैठकीला चाळीस मिनिटं पुरे. फोन विमान मोडवर टाकून हातभर अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवलात तर बांगड्या आपटल्याचा आवाज तेवढा छान येतो. पंखा बंद. कौलांवर पाऊस वाजत असेल तर त्या दिवशी नुसत्या गप्पा मारा. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव सांगा. उतरवून काढताना त्यांची मालवणी तशीच ठेवा, पुस्तकी करू नका.

आता जन्मवर्ष. दाखल्यावरच्या १ जून १९३५वर फार विसंबू नका. शाळा जूनमध्ये सुरू होत, मास्तर अंदाजे वय धरून १ जून लिहून टाकत. पत्रिकेत शके १८५८, माघ आहे. तुम्ही ७८ मिळवून १९३६ काढलंत, चूक तिथेच झाली. शक चैत्रात बदलतो, त्यामुळे माघ-फाल्गुनासाठी ७९ मिळवायचे, म्हणजे १९३७. मावशीआजी म्हणतात, "रामदास बुडाली तेव्हा ताई धा वर्सांची." ही ताई म्हणजे तुमची आजी. रामदास बोट बुडाली १७ जुलै १९४७ला. हिशोब पत्रिकेशी जुळतो. पुस्तिकेत १९३७ लिहा आणि दाखल्यावरची तारीखही खाली द्या, नाहीतर उद्या कुणीतरी तो दाखला नाचवत येईल.

पणजोबा कधी गेले ते तलाठ्याकडच्या वारस फेरफारात, म्हणजे जमिनीला वारसांची नावं लावल्याच्या नोंदीत, सापडू शकतं. शाळेच्या रजिस्टरात आजीला माहेरच्या नावाने शोधा.

पैशांचं नाजूक आहे, पण तुमच्याकडे मनीऑर्डरच्या कुपनांचा (पैशांसोबत मिळणाऱ्या चिठ्ठ्यांचा) गठ्ठा आहे म्हणता. ती पोस्टाच्या शिक्क्यावरील तारखेप्रमाणे लावा. मजकूर पुसट असला तरी शिक्का बहुधा वाचता येतो. उजेड बाजूने तिरपा पाडून पाहा. मधली तीन वर्षं रिकामी निघाली तरी पैसे आले नाहीत असं लगेच ठरवू नका. मे महिन्यात, गणपतीत किंवा शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या हाती पैसे पाठवण्याची पद्धत होती, आणि त्याचं कुपन कुठून असणार? शेवटचं कुपन गिरणी संप सुरू होण्याच्या, म्हणजे १८ जानेवारी १९८२च्या, आधीचं की नंतरचं तेही बघा. मग लिहा: अमुक ते अमुक कुपनं आहेत, मध्ये नाहीत, मावशीआजींच्या मते पैसे आले नाहीत, काकांच्या मते असं झालं. प्रत्येक म्हणण्यापुढे नाव. निवाडा तुम्ही करायचा नाही. छापण्याआधी ते पान काकांना वाचायला द्या. त्यांची हरकत बहुतेक "लाज" या निष्कर्षाला असते, नोंदीला नसते. तरीही नको म्हणाले तर त्यांच्या हयातीत ते पान घरच्या प्रतीत ठेवा, वाटायच्या प्रतीत नको. मात्र फाडू नका.

काचेला चिकटलेला फोटो सोलायला जाऊ नका. दमट हवेत फोटोचा वरचा थर मऊ होऊन काचेला धरतो; ओढलात तर चेहरा काचेवर राहील. फ्रेमसकट खिडकीजवळ, पण थेट ऊन टाळून, उभा करा. घरातले दिवे बंद करा, स्वतःच्या मागे काळं कापड धरायला सांगा म्हणजे काचेत तुम्ही दिसणार नाही, आणि फोन फोटोला समांतर धरा. छपाईवाल्याला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबून बारीक होतो. सुट्या फोटोंच्या पाठीवर नावं मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेन पुढे उमटतं.