आर्नहेमला छत्रीसैनिक पुलापासून इतक्या लांब का उतरवले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमधल्या आर्नहेम शहराचा पूलच घ्यायचा होता, तर ब्रिटिशांनी माणसं दहा-बारा किलोमीटर लांब उतरवून चालत का पाठवली? पुलाशेजारीच उतरवावं, एवढं साधं कुणाला सुचलं नाही का? सुचलं होतं, त्यावर वादही झाले होते.

पुलाच्या लढाईत बचाव करणाऱ्याला फार काही करावं लागत नाही. सुरुंग आधीच पेरलेले असतील तर एकाने कळ दाबली की खेळ खलास. हल्लेखोराच्या हाती फक्त काही मिनिटं असतात, आणि पुलाला टोकं दोन असतात. जर्मनांनी 10 मे 1940 ला हे दाखवून दिलं होतं. हॉलंडमध्ये मूरडाइकच्या पुलांच्या दोन्ही टोकांना त्यांनी छत्रीसैनिक टाकले, रॉटरडॅममध्ये तर 12 समुद्री विमानं थेट नदीच्या पात्रात पुलालगत उतरवली. त्याच सकाळी बेल्जियममध्ये आल्बर्ट कालव्यावरचे दोन पूल ग्लायडरमधून (म्हणजे इंजिन नसलेल्या, तरंगत येणाऱ्या विमानातून) आलेल्यांनी धड मिळवले. कान्नेचा तिसरा मात्र बेल्जियन सैनिकांनी त्यांच्या डोळ्यांदेखत उडवला.

ब्रिटिशांना हे जमत नव्हतं असंही नाही. 6 जून 1944 ला मध्यरात्र उलटून 16 मिनिटांनी मेजर जॉन हॉवर्डच्या कंपनीचं पहिलं ग्लायडर फ्रान्समध्ये नॉर्मंडीत काँ (Caen) शहराच्या कालव्यावरच्या पुलापासून पन्नासएक मीटरवर घासत थांबलं. मागोमाग आणखी दोन आली. दहा-पंधरा मिनिटांत पूल ताब्यात. (जर्मनांनी स्फोटकं पुलात बसवलीच नव्हती, जवळच ठेवली होती. नशीब लागतंच.) छत्रीने उतरलेली माणसं अंधारात पांगतात आणि एकमेकांना शोधण्यात वेळ जातो. ग्लायडरमधून मात्र जवळजवळ तीस जण हत्यारांसकट एकाच जागी बाहेर पडतात, तेही विमानाच्या आवाजाशिवाय. अर्थात हमी यातही नाही: त्या रात्रीच्या सहापैकी एक ग्लायडर भलत्याच नदीवरच्या पुलापाशी जाऊन उतरलं.

आता आर्नहेम, 17 सप्टेंबर 1944. दोस्तांच्या रणगाड्यांच्या वाटेवरचे पूल आधी आकाशातून उतरून पकडायचे, अशी ही मोहीम होती; आर्नहेमचा पूल त्यातला शेवटचा. हवाई दलाची हरकत दुहेरी होती. एक, पुलाच्या आसपास आणि उत्तरेला डेलनच्या विमानतळाजवळ विमानभेदी तोफा आहेत. माणसं टाकून वळणारी विमानं थेट त्यांच्या तोंडी जातील. दोन, पुलाच्या दक्षिणेची जमीन सखल, ओली आणि चरांनी कापलेली, म्हणजे मोठ्या संख्येने ग्लायडर उतरवायला कुचकामी. म्हणून पश्चिमेकडची लांबची माळरानं निवडली. हे समजू शकतं. पण योजनेत पोलिश ब्रिगेड तिसऱ्या दिवशी त्याच पुलाच्या दक्षिणेला छत्रीने उतरवायची असंही ठरलं होतं! तोवर तोफा गप्प झालेल्या असतील, हा हिशोब. माझ्या मते, मोजकी माणसं पहिल्याच तासाला तिथे टाकायची जोखीम घ्यायलाच हवी होती.

त्यात विमानं दिवसाला एकच फेरी मारणार होती. म्हणजे पहिल्या दिवशी आलेल्यांपैकी निम्मे दुसऱ्या दिवशीच्या फेरीसाठी माळरान राखत बसले, उरलेले पुलाकडे निघाले. वाटेत जर्मनांनी रेल्वेचा पूल त्यांच्यासमोर उडवला. संध्याकाळी ब्रिटिश अधिकारी जॉन फ्रॉस्टची बटालियन मोठ्या पुलाच्या उत्तर टोकाला पोचली. रात्रीपर्यंत तिथे सुमारे 740 जण जमले. दक्षिण टोक शेवटपर्यंत जर्मनांकडेच राहिलं.

त्याच दुपारी दक्षिणेला ग्रावे गावी अमेरिकनांनी मास नदीवरच्या पुलाच्या दोन्ही बाजूंना छत्रीसैनिक उतरवले आणि काही तासांत पूल घेतला. एकाच मोहिमेत, एकाच दिवशी दोन्ही पद्धती पाहायला मिळाल्या.

तरीही सगळं खापर उतरण्याच्या जागेवर फोडू नका. पूल पकडणारे हलक्या हत्यारांचे असतात. रणगाडे जमिनीवरून येईपर्यंत तग धरणं एवढंच त्यांच्या हाती. आर्नहेमला 48 तासांत कुमक पोचेल असा अंदाज होता. ती येणार होती जवळजवळ शंभर किलोमीटरच्या एकाच रस्त्याने. त्या रस्त्यावरचा सोन गावचा पूल जर्मनांनी उडवला, तिथे बेली पूल (सुट्या भागांचा जोडपूल) बांधण्यात रात्र गेली. पुढचा, वाल नदीवरचा नायमेखनचा पूल पहिल्या दिवशी घेतलाच गेला नाही. 20 तारखेला अमेरिकनांना कापडी होड्यांतून, भर दुपारी, गोळीबारात वाल नदी ओलांडावी लागली. त्या संध्याकाळी रणगाडे नायमेखनचा पूल ओलांडत होते तेव्हा फ्रॉस्टच्या लोकांकडे दारूगोळा संपत आला होता. 21 च्या सकाळी तिथला प्रतिकार संपला. पोलिश ब्रिगेड खराब हवेमुळे अडकली, ती त्याच दिवशी नदीच्या दक्षिणेला ड्रील गावापाशी उतरली.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर 11 डिसेंबर 1971 चं, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं टांगाईल घ्या. मैमनसिंगहून ढाक्याकडे मागे हटणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तोडायला भारताची 2 पॅरा ही छत्रीसैनिकांची बटालियन उतरली आणि पुंगलीचा पूल धरला. तिथे जमिनीवरून येणारी मराठा लाइट इन्फंट्री जवळ होती आणि भेट लवकर झाली.

जाता जाता: आर्नहेमला आज दिसतो तो पूल लढाईतला नव्हे. मूळ पूल लढाईतून वाचला, पण जर्मनांना वापरता येऊ नये म्हणून 7 ऑक्टोबर 1944 ला दोस्त राष्ट्रांच्याच बाँबर विमानांनी पाडला. युद्धानंतर त्याच जागी नवा बांधला, त्याला आता फ्रॉस्टचं नाव आहे.